मांडीवर घेणारी राक्षसी : चित्रकथेतली पूतना आणि तिची पूर्वपीठिका

गोकुळाष्टमीच्या आदल्या संध्याकाळी बजाजनगरातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लहान मुलांना गोष्टी सांगायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. बजाजनगर म्हणजे वाळूज औद्योगिक वसाहतीची राहती बाजू. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, मागोमाग इतर कंपन्या आल्या, आणि जालना, बीड, परभणी, बुलढाणा, जळगाव अशी चहूबाजूंनी आलेली माणसं इथल्या रो-हाऊसमध्ये नि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये स्थिरावली. त्यामुळे प्रत्येक घरातली कृष्णाची गोष्ट थोडी वेगळी असते. बीडकडची आजी एक सांगते, खानदेशातली दुसरंच. मुलांच्या डोळ्यांपुढे मात्र बहुतेकदा एकच कृष्ण असतो, चित्रांच्या पुस्तकातला.

मागच्या खेपेला मी विचारलं, "कृष्णाच्या गोष्टीतला सगळ्यात भारी व्हिलन कोण?" मला वाटलं, कंस म्हणतील. दुसरीतली एक मुलगी ताडकन म्हणाली, "पूतना!" का गं? "कारण ती आधी चांगली दिसते."

त्या उत्तरानं माझी झोप उडाली. घरातली जुनी 'अमर चित्र कथा' काढली, मग भागवताचा दशमस्कंध, मग आयुर्वेदातले बालग्रह. एका पानभर प्रसंगात येऊन जाणारी ही बाई किती लांबून चालत आली आहे, हे कळत गेलं तसं वाटलं की हे नीट लिहून काढावं.

पूतना म्हणजे कोण

गोष्ट थोडक्यात सर्वांना ठाऊक आहे. देवकीचं आठवं मूल गोकुळात सुखरूप आहे, पण ते नेमकं कोणतं, हे कंसाला कळत नाही. म्हणून नुकतीच जन्मलेली सगळीच बाळं मारायला तो पूतनेला पाठवतो. ती सुंदर स्त्रीचं रूप घेऊन नंदाच्या घरात शिरते, स्तनाला विष लावून बाळाला पाजायला घेते. बाळ दुधाबरोबर तिचे प्राणही शोषून घेतं आणि ती मूळ रूपात कोसळते.

तिचं गणगोतही मोठं आहे. भागवतात तिला 'बकी' असंही म्हटलं आहे. पुढे कृष्णाला गिळायला आलेला बगळ्याच्या रूपातला बकासुर आणि अजगर होऊन तोंड पसरून बसलेला अघासुर हे दोघे तिचे भाऊ. अघासुर तर थोरल्या बहिणीचा आणि भावाचा सूड उगवायलाच येतो. आजकालच्या कॉमिकमध्ये एका अंकातलं वैर पुढच्या अंकात चालू ठेवतात, तसंच हे आहे.

मराठीनं तिला आणखी एक नातं दिलं: मावशी. 'पूतना मावशीचं प्रेम' हा शब्दप्रयोग आपण वर्तमानपत्रात, सभेत, भाऊबंदकीच्या भांडणात सर्रास ऐकतो. काही पुराणांत पूतना कंसाची बहीण आहे, म्हणजे देवकीच्या नात्यानं ती मावशीच लागते. पण मला वाटतं, हे नातं वंशावळीतून आलेलं नाही, जिभेवरून आलेलं आहे. ज्या भाषेत 'माय मरो पण मावशी जगो' अशी म्हण आहे, त्या भाषेत आईच्या खालोखाल विश्वास कुणावर, तर मावशीवर. दगा तिथूनच झाला तर तो सगळ्यात खोल जातो. मराठी माणसानं त्या राक्षसीला आत्या म्हटलं नाही, काकू म्हटलं नाही, मावशी म्हटलं, यातच तिची भीती नेमकी पकडली आहे.

राक्षसी होण्याआधीची पूतना

कृष्णकथेत येण्याआधी पूतना एक आजार होती. हे वाक्य वाचून दचकायला होईल, पण आयुर्वेदाच्या ग्रंथात ते सरळ लिहिलेलं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तान्ह्या मुलांना झपाटणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत: स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष. नऊंपैकी तीन नावांत पूतना आहे. पूतनेनं धरलेल्या बाळाची लक्षणं अशी: अंग गळून जातं, पातळ जुलाब होतात, उलट्या होतात, तहान भागत नाही, रात्री झोप लागत नाही, अंगाला कावळ्यासारखा वास येतो. महाभारताच्या वनपर्वातही कार्तिकेयाच्या परिवारातल्या, बाळांना पीडा देणाऱ्या शक्तींत पूतनेचं नाव आहे.

ही लक्षणं आजच्या कुठल्याही अंगणवाडी सेविकेला वाचून दाखवा, ती लगेच म्हणेल, हगवण लागली आणि अंगातलं पाणी गेलं. आज आपण जलसंजीवनीचं पाकीट फोडतो, झिंकची गोळी देतो आणि बाळ दोन दिवसांत हसायला लागतं. ते पाकीट नव्हतं तेव्हा चांगलं धडधाकट बाळ एका रात्रीत कसं सुकलं, हे आईला कळायचं नाही. काल दूध पीत होतं, आज नाही. मग मनात एकच शंका यायची, की कुणीतरी येऊन गेलं. 'पूति' म्हणजे कुजका वास, आणि पूतनेचं नाव त्याच शब्दाशी जोडलं जातं. आजाऱ्याच्या खोलीतला तो वास ज्यांनी घेतला आहे त्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

अशा शक्तींना आपल्याकडे केवळ हाकलत नाहीत, मानतातही. सटवाईचंच बघा. बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री ती येते, कपाळावर नशीब लिहिते, तिचीच पूजा करायची आणि तिचीच धास्तीही बाळगायची. होळीला मुलं बोंब मारतात, त्यामागेही मुलांना छळणारी ढुंढा राक्षसी आहे. भविष्योत्तर पुराणातल्या कथेत ती पोरांच्या आरडाओरड्यानंच पळते.

आणि आमच्या जिल्ह्यात तर याचा दगडी पुरावा आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका बाजूच्या छोट्या गाभाऱ्यात हारीती बसली आहे, शेजारी तिचा नवरा पांचिक. ही हारीती मूळची मुलं खाणारी यक्षी. बुद्धानं तिचंच लाडकं मूल लपवलं, तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं आणि ती बाळांची राखणदार झाली. शिल्पकारानं मुख्य मूर्तीच्या वरच्या कोपऱ्यांत दोन छोटे प्रसंग कोरले आहेत: एकात ती चवताळून बुद्धावर धावून जाते, दुसऱ्यात ती गुडघे टेकून बसली आहे. आधी आणि नंतर, दोन चौकटी.

रात्रीचा पक्षी ते दिवसाची पाहुणी

पूतनेचं रूप एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात जाताना कसं पालटलं, हा या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

हरिवंशात ती कंसाची दाई आहे आणि मध्यरात्री पक्षिणीच्या रूपात येते. सगळं गोकुळ झोपलेलं आहे. विष्णुपुराणातही ती रात्रीच येते, रात्री ज्या बाळाला ती पाजेल ते मरतं, असं तिथं सांगितलं आहे. म्हणजे इथपर्यंत ती आजारासारखीच आहे: अंधारात येणारी, कुणाला न दिसणारी.

भागवतकारांनी तिला उजेडात आणलं. भागवतातली पूतना पक्षी नाही, देखणी स्त्री आहे. केसांत मोगऱ्याच्या जातीची फुलं, हातात कमळ, कानांत कुंडलं. तिच्याकडे बघून गोपींना वाटतं, साक्षात लक्ष्मीच आपल्या नवऱ्याला भेटायला आली आहे. नंद घरी नाही, तो कंसाचा सारा भरायला मथुरेला गेला आहे. यशोदा आणि रोहिणी समोरच उभ्या आहेत, पण तिच्या दिमाखानं भारावून गेल्या आहेत. कुणी विचारत नाही, बाई तू कोण, कुठली? मखमली म्यानातल्या तलवारीसारखी ती वागते, असं भागवत सांगतं. बाळ तिला पाहून डोळे मिटून घेतं. का मिटले असतील, यावर टीकाकारांनी शतकानुशतकं खल केला आहे.

रात्रीच्या पक्ष्याला घाबरणं सोपं आहे. दार लावलं की झालं. पण दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत, आईसमोर, हसत येणाऱ्या बाईपासून बाळाला कसं वाचवायचं? भागवतानं हा एक बदल केला आणि पूतना आजारातून पात्रात आली. आमच्या पार्किंगमधली ती मुलगी नेमकं हेच म्हणत होती.

मरताना ती मूळ रूपात येते, आणि इथं भागवतकारांची उपमांची निवड थक्क करणारी आहे. तिचे दात नांगराच्या दांड्यासारखे, नाकपुड्या डोंगरातल्या गुहांसारख्या, डोळे अंधाऱ्या, बुजलेल्या विहिरीसारखे, हातपाय बांधलेल्या बंधाऱ्यांसारखे आणि पोट पाणी आटलेल्या डोहासारखं. सहा कोसांतली झाडं तिच्या देहाखाली मोडतात. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला हे वर्णन वाचताना वेगळंच काहीतरी होतं. बुजलेली विहीर, आटलेला डोह, कोरडा बंधारा. राक्षसीचं शरीर म्हणून जे सांगितलंय ते दुष्काळातल्या गावाचं शिवार आहे. बाळांना दूध नाही, विहिरीला पाणी नाही, अशा साली जी बाई गावावर पडते ती हीच असणार, असं मला वाटल्यावाचून राहिलं नाही.

चित्रकथेच्या दारात

आता पुस्तकाकडे. १९६७ साली अनंत पै दिल्लीत होते. एका दुकानातल्या टीव्हीवर दूरदर्शनची प्रश्नमंजूषा चालू होती. ग्रीक पुराणकथांवरच्या प्रश्नांना उत्तरं देणारी मुलं रामाच्या आईचं नाव सांगताना अडली. ही हकीकत पुढे पैंनी अनेकदा सांगितली. ते त्याआधी टाइम्स समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मध्ये काम करत होते, वेताळ आणि मँड्रेकच्या जगात. ते सोडून त्यांनी इंडिया बुक हाऊसच्या साथीनं 'अमर चित्र कथा' उभी केली. पहिल्या दहा क्रमांकांवर परदेशी परीकथा होत्या. अकराव्या क्रमांकावर, १९७० च्या सुमारास, 'कृष्ण' आला, आणि आज आपण जिला अमर चित्र कथा म्हणतो ती खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाली. पुढे चारशेहून अधिक शीर्षकं निघाली, मराठीसह अनेक भारतीय भाषांत गेली.

पै कारकळचे. दोन वर्षांचे असतानाच आई-वडील गेले, बाराव्या वर्षी ते मुंबईत आले. अशा माणसानं पुराणकथांची मालिका सुरू करताना पहिला नायक निवडला तो दुसऱ्याच आईच्या मांडीवर वाढलेला. हा योगायोगही असेल, पण मला तो विसरता येत नाही.

'कृष्ण'ची चित्रं काढली राम वाईरकरांनी. 'टिंकल'मधला सुपंडी ज्यांच्या कुंचल्यातून आला तेच हे. प्रताप मुळीक, दिलीप कदम, संजीव वाईरकर अशी मराठी नावं या मालिकेच्या चित्रकारांत पुन्हा पुन्हा भेटतात. भारतभरातल्या दोन-तीन पिढ्यांनी देव आणि राक्षस पाहिले ते बऱ्याच अंशी मुंबई-पुण्याच्या या चित्रकारांच्या डोळ्यांनी. यांची नावं शाळेतल्या मुलांना ठाऊक नसतात, याचं मला वाईट वाटतं.

एकाच बाईचे दोन चेहरे

पूतना ही चित्रकारासाठी अवघड परीक्षा आहे. कीर्तनकार किंवा आजी गोष्ट सांगते तेव्हा "एक सुंदर बाई आली" एवढं म्हणून थांबू शकते, ऐकणारा आपापली बाई मनात उभी करतो. चित्रकाराला ती दाखवावी लागते. फार दुष्ट दाखवली तर यशोदा मूर्ख ठरते, आणि फार गोड दाखवली तर मुलाला धोका कळत नाही.

चित्रकथेनं यावर काढलेली तोड साधी आहे आणि फार परिणामकारक आहे. निवेदनाची चौकट वाचकाला आधीच सांगून टाकते की ही राक्षसी आहे, कंसानं पाठवलेली. चित्रातल्या यशोदेला ते वाचता येत नाही. त्यामुळे मूल आणि पुस्तक यांच्यात एक गुपित तयार होतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या भाचीला पाच वर्षांची असताना मी ते पान वाचून दाखवत होते. पूतना घरात शिरली त्या चित्रावर तिनं तळहात ठेवला, पूतनेचा चेहरा झाकला, आणि यशोदेकडे बघून हळूच म्हणाली, "देऊ नको ना." तिचा हात मी बाजूला केला नाही. पुढचं पान वळवायला तिला बराच वेळ लागला.

सुंदर पूतना चित्रात दिसते ती मालिकेतल्या नेहमीच्या नायिकेसारखीच: मोठे डोळे, लांब केस, दागिने. हे मला योग्य वाटतं. तीच शकुंतला, तीच दमयंती, तीच पूतना. चेहऱ्यावरून माणूस ओळखता येत नाही, हे याहून सरळ कसं सांगणार?

राक्षसरूपाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. अमर चित्र कथेतले असुर एका साच्यातले आहेत: सावळे किंवा काळे, आडदांड, सुळे बाहेर आलेले, केस पिंजारलेले. नायक-नायिका उजळ. या रंगभेदावर अभ्यासकांनी टीका केली आहे आणि ती रास्त आहे. कामावरून घरी आलेल्या, उन्हानं रापलेल्या आईच्या शेजारी बसून मूल हे पुस्तक वाचतं, हे चित्रकारानं ध्यानात घ्यायला हवं होतं. भागवतातली पूतना भयंकर आहे ती रंगानं नाही, आकारानं आणि कोरडेपणानं. विहिरीसारखे डोळे आणि आटलेला डोह काढता आला असता, तर ती पूतना कुणाच्याही आजीसारखी दिसली नसती आणि दसपट भीतिदायक झाली असती.

तिची ओढ कशानं वाटते

मुलांना कंसापेक्षा पूतना का आठवते? कंस सिंहासनावर बसून माणसं पाठवतो. पूतना स्वतः येते, एकटी, हत्याराविना. सगळ्या कृष्णकथेत नंदाच्या घरात, आतल्या खोलीत, आईच्या जागेपर्यंत पोचलेली शत्रू ही एकच. शकटासुर, तृणावर्त, बकासुर हे सगळे अंगणात, रानात, यमुनेच्या काठी भेटतात.

दुसरी गोष्ट, तिचं हत्यार. विष लावलेला स्तन ही कल्पना ऐकायला भयंकर आहे, पण घरातल्या बायांना ती अनोळखी नाही. मूल अंगावरचं तोडायचं असेल तर कडुलिंबाचा पाला किंवा कोरफडीचा गर वाटून लावायचा, हे आपल्याकडच्या कित्येक आज्यांनी केलं आहे. मूल तोंड लावतं, कडू लागतं, रडतं, आईकडे बघतं. त्या बघण्यात आई क्षणभर परकी झालेली असते. प्रत्येक मुलानं तो क्षण सोसलेला असतो, आठवत नसला तरी. पूतनेची गोष्ट त्या क्षणाला नाव देते.

आणि तिसरी, जी मला सर्वांत मोठी वाटते: तिचा शेवट. बहुतेक खलनायिका मरतात आणि गोष्ट पुढे जाते. पूतनेचं तसं नाही. ती कोसळते तेव्हा बाळ तिच्या छातीवर निर्धास्त खेळत असतं. गोपी धावत येऊन त्याला उचलतात, गाईचं शेपूट त्याच्यावरून फिरवतात, गोमूत्रानं न्हाऊ घालतात, धूळ लावून दृष्ट काढतात. मग व्रजातले लोक तो अवाढव्य देह तोडून जाळतात, आणि धुराला वास येतो अगरूचा. कुजक्या वासावरून जिचं नाव पडलं म्हणतात, तिच्या चितेला सुगंध. भागवत सांगतं की तिला आईची गती मिळाली. तिनं मारायला का होईना, पण पदराखाली घेतलं, दूध दिलं, म्हणून ती यशोदेच्या पंक्तीला गेली.

पुराणांना हा शेवट इतका बोचला की त्यांनी तिचा मागचा जन्मही शोधला. ब्रह्मवैवर्त पुराणात ती बळीराजाची मुलगी रत्नमाला आहे. यज्ञात आलेल्या बटू वामनाला पाहून तिला पान्हा फुटल्यासारखं झालं, असा मुलगा आपल्या अंगावर प्यायला हवा असं वाटलं. कीर्तनात पुढे असंही सांगतात की त्याच बटूनं बापाला पाताळात घातल्यावर तिला त्याचा जीव घ्यावासा वाटला. दोन्ही इच्छा एका जन्मात, एकाच मांडीवर पुऱ्या झाल्या. आपला बळी तर शेतकऱ्याचा राजा, 'इडा पिडा टळो' म्हणून ज्याला आपण दरवर्षी आळवतो. त्याची लेक म्हणून पाहिलं की पूतनेच्या रागाला एकदम कारण मिळतं.

केरळात कथकलीमध्ये या प्रसंगाचं नावच 'पूतनामोक्षम्' आहे, वध नाही, मोक्ष. एकच नट ललितेच्या, म्हणजे सुंदर पूतनेच्या वेशात येतो आणि बाळाकडे बघताना तिच्या मनात माया आणि आज्ञा यांची ओढाताण कशी होते, ते डोळ्यांनी आणि हातांनी दाखवतो. आपल्याकडे या प्रसंगाला 'पूतनावध' म्हणायची सवय आहे. मला केरळचं नाव जास्त खरं वाटतं.

परदेशातल्या तिच्या बहिणी

बाळं पळवणारी, दूध नासवणारी स्त्री जगभर आहे. प्राचीन मेसोपोटेमियात लमाश्तू नावाच्या राक्षसीला पळवून लावायला बाळंतिणीच्या उशाशी ताईत ठेवत. ग्रीकांकडे लामिया होती. तिची स्वतःची मुलं मारली गेली म्हणून ती दुसऱ्यांची खाऊ लागली. हारीतीची कथा इथं उलट्या दिशेनं आठवते.

अमेरिकी कॉमिकमधल्या खलनायिका या घराण्यातल्या नाहीत, पण सोंग घेणं त्यांनाही चुकलं नाही. १९४० साली बॅटमनच्या पहिल्याच अंकात आलेली कॅटवूमन, तेव्हा तिला नुसतं 'कॅट' म्हणत, म्हाताऱ्या बाईच्या वेशात चोरी करायला आली होती. १९९२ साली दूरचित्रवाणीवरच्या बॅटमन मालिकेत आलेली हार्ली क्विन इतकी आवडली की तिला छापील कॉमिकमध्ये न्यावं लागलं. या दोघींना पुढे स्वतःची पुस्तकं मिळाली, भूतकाळ मिळाला, लोक त्यांच्या बाजूनं बोलू लागले. आपल्या पूतनेला भूतकाळ आणि सहानुभूती शेकडो वर्षांपूर्वीच मिळाली होती. छापील चित्रकथेत मात्र तिच्या वाट्याला थोड्या चौकटी आल्या. रत्नमालेपासून अगरूच्या धुरापर्यंतची पूतना एका अख्ख्या अंकाची नायिका होऊ शकते. एखाद्या मराठी चित्रकारानं ते मनावर घ्यावं, असं मला फार वाटतं.

वेरूळची उत्तरेकडची भिंत

चित्रांच्या रांगांतून गोष्ट सांगायची रीत आपण परदेशातून आणली, असं समजणाऱ्यांना मी वेरूळला घेऊन जाते. बजाजनगरहून गाडीनं तासाभराची वाट. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात खोदलेल्या कैलास लेण्यात मुख्य मंदिराच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर रामायण आहे आणि उत्तरेकडच्या भिंतीवर महाभारत, एकाखाली एक आडव्या पट्ट्यांत कोरलेलं. त्या उत्तरेच्या पटातच कृष्णाचं बालपणही आहे. माणसं वीतभर उंचीची, प्रसंगाला प्रसंग लागून, मध्ये रेघही नाही. कुठं एक चौकट संपते आणि दुसरी सुरू होते, ते आपल्या डोळ्यांनी ठरवायचं. बदामीच्या लेण्यांतही सहाव्या शतकातच कृष्णाच्या बाललीलांचे असे पट्टे आहेत.

बहुतेक पर्यटक हत्तीजवळ फोटो काढतात, रावणानं हलवलेला कैलास बघतात आणि निघतात. त्या भिंतीपाशी दहा मिनिटं थांबलेलं कुटुंब मला क्वचित दिसलं. मुलांना सोबत न्या, मोबाइलच्या कॅमेऱ्यात भिंत थोडी मोठी करून द्या आणि सांगा, यात पूतना शोधा. नाक-डोळे झिजलेत, सुळेबिळे काही दिसत नाहीत. शोधायची खूण एकच: मोठी बाई आणि तिच्या अंगाशी लागलेलं एवढंसं बाळ. पहिल्यांदा बघणारं मूल तिला यशोदाच म्हणेल. म्हणू द्या, आणि मग घरी येताना गाडीत पूर्ण गोष्ट सांगा, अगरूच्या धुरापर्यंतची.

जमलं तर दुसऱ्या एखाद्या रविवारी अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातली हारीतीही दाखवा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.